समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही

आमच्या कॉलनीत मला 'मराठीवाले सर' म्हणतात. मी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही. दोन दिवाळी अंकांत माझे लेख छापून आले, त्यातल्या एकाचं मानधन अजून वाटेत आहे. एवढ्या भांडवलावर लोक माझ्याकडून लग्नपत्रिका, वास्तुपूजनाचं आमंत्रण, तेरवीचा मजकूर आणि 'टाकीचे पाणी जपून वापरा' ही सूचना लिहून नेतात. मोबदला रोख नसतो. लग्नाचा मजकूर लिहिला की लग्नाचं जेवण, तेरवीचा लिहिला की तेरवीचं. वय वाढत चाललं तसा माझा मेनू बदलत चालला आहे.

ऐन मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, कूलरचा पंप बंद. अशा मुहूर्तावर कॉलनीतली चार मंडळी दारात उभी राहिली. आमच्या मागच्या गल्लीत दोन जुने बंगले पाडून तिथे पाच मजली इमारत झाली होती आणि तिला नाव हवं होतं. नियोजित सोसायटीचे नियोजित अध्यक्ष म्हणाले, "सर, एक दणकेबाज नाव सांगा. वाचल्याबरोबर समोरच्याला वाटलं पाहिजे का इथले लोक पैसेवाले आहेत."

"बरं."

"पण आपण पैसेवाले आहोत असं आपण म्हणून राहिलो, असं नाही वाटलं पाहिजे."

मराठी भाषेकडून एवढी नाजूक अपेक्षा आजवर कुठल्या कवीनेही ठेवली नसेल. तरी मी सुरुवात केली. 'वैभव' म्हटलं, तर खजिनदारांनी हात वर केला. वैभव हा त्यांचा मेव्हणा, मोबाईलचं दुकान बुडवून सध्या त्यांच्याच घरी मुक्कामाला होता. 'सुबत्ता' म्हटलं, तर निवृत्त अकाउंटंट म्हणाले, "सुबत्ता नको. भत्ता वाटते. आणि भत्ता म्हटलं का माझा एरिअर्स आठवते." 'भरभराट' हा माझा लाडका शब्द, पण तो मोठ्याने म्हणताच चौथ्या गृहस्थांनी खिडकीबाहेर पाहिलं. "काय झालं?" "मले वाटलं कोणाची लूना सुरू झाली." 'संपन्न' तर एकमताने पडला. वर्तमानपत्रांची कृपा. वार्षिक सभा संपन्न, रक्तदान शिबिर संपन्न, हळदीकुंकू संपन्न, असं रोज वाचून लोकांना संपन्न म्हणजे संपलेलं एवढंच माहीत आहे. संपन्न अपार्टमेंटमध्ये फ्लॅट बघायला आलेला माणूस 'सगळे गेले वाटते' म्हणून खालूनच परत जायचा.

राहता राहिला 'श्रीमंत'. नागपुरात तो भोसल्यांच्या नावापुढे लागतो आणि तिथेच शोभतो. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि मग राजवाड्यातलं जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल सगळं लिलावात निघालं. अलीकडे २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची म्हणून एक तलवार लंडनच्या लिलावात आली, ती राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. नागपूरची श्रीमंती लिलावाने गेली आणि आता लिलावातूनच सुटी सुटी सोडवून आणावी लागते आहे. हे सगळं मी रंगवून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, लिलावाचं नाव नका काढू. सगळ्यांचे हप्ते चालू आहेत."

शेवटी मी 'समृद्धी' म्हटलं, आणि चौघांनी एकदम टाळी दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे लोक घरूनच समृद्धी ठरवून निघाले होते. फक्त ते माझ्या तोंडून यावं, म्हणजे उद्या कोणी नावं ठेवली तर 'मराठीवाल्या सरांनी सांगितलं' म्हणता यावं, एवढ्यासाठी ही यात्रा होती.

आता आमच्या अर्ध्या किलोमीटरात साई समृद्धी आहे, न्यू समृद्धी आहे, तळमजला अधिक तीन अशी समृद्धी हाइट्स आहे. बायकांचा समृद्धी बचत गट आहे. केजीत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन समृद्धी आहेत, त्यामुळे शिक्षिका एकीला 'चष्म्याची समृद्धी' म्हणते. पार्सलं आणणारी पोरं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून फोनवर विचारतात, "भाऊ, कोणती समृद्धी?" एका रात्री तर सावजीचं मटण मागवलं एकीने, पोचलं दुसरीत, आणि ज्या घरी पोचलं तिथे चातुर्मास चालू होता. डबा परत मिळाला. मटणाबद्दल दोन्ही समृद्धींनी मौन पाळलं आहे.

नावानंतर पाटीचा नंबर. बर्डीवरच्या फ्लेक्सवाल्याकडे मला सोबत नेलं, कारण 'शब्दाचे मालक तुम्ही'. दुकानात दोन पंखे, एक चालू. खुर्चीवर विशीतला पोरगा, डाव्या हातात खर्ऱ्याची पन्नी, उजव्या हातात माउस. उन्हाने पिवळ्या झालेल्या पडद्यावर आमदारांचा वाढदिवस अर्धवट उघडा होता. त्याने आमदार बाजूला सारले, एकाही अक्षराकडे न बघता टाइप केलं, त्यावर सोनेरी चमक मारली, खाली कमळ टाकलं, आणि खुर्ची आमच्याकडे फिरवली. पडद्यावर 'समृध्दी' झळकत होती.

मी म्हटलं, "बाळा, उलटं झालं. आधी अर्धा द, त्याच्या पोटात ध."

"सर, सगळे असंच करतात."

"सगळे चूक करतात."

त्याने पन्नी मळणं थांबवलं. "सर, धन आधी का दौलत आधी?"

"म्हणजे?"

"आपण धनदौलत म्हणतो ना? ध आधी, मग द. समृद्धीमध्ये तेच तं आहे दोन्ही."

संस्कृतात हा शब्द 'सम्' आणि 'ऋध्' म्हणजे वाढणं, फळणं यातून आला, गणपतीच्या बाजूला उभी असते ती ऋद्धी याच घरची, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं. पाणिनीला एवढं सोपं सुचलं असतं तर अष्टाध्यायीचे आठ अध्याय लागले नसते. शिवाय अध्यक्षांना पोराचं पटलं होतं. पाटी 'समृध्दी' अशीच लागली.

ती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीतले निवृत्त गुरुजी काठी टेकत आले. त्यांना द-ध चं काही नव्हतं, त्यांचं भांडण वेलांटीशी होतं. पूर्वी 'समृद्धि' पहिल्या वेलांटीने लिहीत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आले आणि असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शेवटी दीर्घ झाले. गुरुजींना तेही मान्य होतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. समासात पहिलं पद म्हणून असा शब्द आला तर तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून 'समृद्धी महामार्ग' असं तोडून लिहिण्यापेक्षा 'समृद्धिमहामार्ग' असं जोडून लिहायला हवं होतं.

"पंचावन्न हजार कोटींच्या वर गेलं ते काम," गुरुजी म्हणाले, "आणि इतकी गावं जोडली. दोन शब्द नाही जोडता आले? पहिल्या वेलांटीत भागलं असतं."

हा महामार्ग आला आणि आमच्या या शब्दाचं जे व्हायचं ते झालं. त्याचं पूर्ण सरकारी नाव सहा शब्दांचं आहे. नागपूरकराने त्यातला एक ठेवला आणि पाच सोडून दिले. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडा खुला झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. मुंबईकडून पाहणाऱ्याला तो नागपूरला संपताना दिसत असेल. आमच्या दृष्टीने समृद्धी शिवमडक्याला सुरू होते आणि तिकडे आमण्याला जाऊन संपते, पुढे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये जे काय होतं त्याला आम्ही जबाबदार नाही.

याआधी 'समृद्धी कुठे आहे?' असा प्रश्न कोणी विचारला तर कीर्तनकारांना तासभर पुरायचा. आता पानठेल्यावरचा माणूसही खर्रा घोटता घोटता हाताने दाखवतो. पाचव्या मिनिटाला कानावर पडणारी वाक्यं अशी : "समृद्धीवर लय झोप येते बाप्पा." "समृद्धी सोडली का मग खरे खड्डे सुरू होतात." "समृद्धीवर चालान बसलं." "समृद्धीच्या भरवशावर नको राहू, घरून डबा ने." दीडशे वर्षं अर्थशास्त्रज्ञ जे सांगायचा प्रयत्न करत होते ते आमच्याकडे एस.टी. स्टँडवर ऐकायला मिळतं.

आणि पाहुणे! पूर्वी पाहुणा आला की पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, प्रकृती विचारायची. आता तांब्या हातात देण्याआधी "समृद्धीनं आलात?" आणि लगेच "किती वेळात?" हा प्रश्न स्वच्छ मनाने कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याकडे स्वतःचा आकडा तयार असतो. आमचे साडभाऊ शिर्डीहून आले तेव्हा त्यांनी सांगितलं, "चार तास. मधी दोनदा चहा." मोटारीला तिथे सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा आहे. ५२० किलोमीटर त्या वेगाने, एकदाही ब्रेकला पाय न लावता कापले तर ४ तास २० मिनिटं लागतात. मी हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवला. साडभाऊंनी तो शांतपणे वाचला, आणि म्हणाले, "तुम्ही मधी चहा धरला नाही."

मला यातलं काहीच सांगता येत नाही. माझ्याकडे स्कूटर आहे. आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही. तीनचाकीलाही नाही. म्हणजे माझ्या आर्थिक स्थितीविषयी आमच्या नातेवाइकांत जी कुजबूज इतकी वर्षं चालायची, ती शासनाने नियम करून, पाटीवर चित्रासकट लावून टाकली. वाघ-हरणांना ओलांडून जायला या मार्गावर खास पूल आणि बोगदे केले आहेत. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याची बैलगाडी खालच्या मोरीतून पलीकडे जाते. तिच्याच मागे माझी स्कूटर. डोक्यावरून साडभाऊ जातात.

"आपण कधी जायचं हो समृद्धीवर?" असं बायको विचारते, तेव्हा मी वर्तमानपत्राचं पान उलटतो.

पण मला खरा चक्रावून टाकतो तो वेगळाच प्रकार. दारावर, पोरीच्या जन्मदाखल्यावर, बचत गटाच्या वहीवर, रस्त्यावर, जिकडे तिकडे समृद्धी लिहिणारा हा माणूस, 'काय, कसं काय चाललं आहे?' एवढं विचारा, की लगेच गरीब होतो.

इतवारीत किराण्याचे ठोक व्यापारी आहेत. गादीवर बसलेल्या शेटजींना विचारून बघा. डोक्यावर लक्ष्मीचा फोटो, तिच्या हातातून मोहरा पडतायत, खाली चोपडीवर शुभ-लाभ, त्याखाली शेटजी. मागे हमाल पोती उतरवतायत, पुढे गिऱ्हाइकांची रांग, दोन फोन एकदम वाजतायत. "धंदा कसा काय?" शेटजी एक फोन खांद्यात दाबतात. "धंदा कुठे राहिला भाऊ? बसलोय आपलं. घरी बसून काय करायचं?" मंदी त्यांना वडिलांकडून गादीबरोबरच मिळाली आहे आणि मुलाला द्यायची आहे.

समृद्धीसाठी जमीन देणाऱ्यांना पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. आमच्या लांबच्या नात्यातल्या एकांचंही वावर त्यात गेलं. भेटायला गेलो तर अंगणात पांढरी शुभ्र एसयूव्ही, सीटवरचं प्लास्टिक तसंच. ते बॉनेटला टेकून उभे होते. म्हणाले, "काही नाही राह्यलं हो. सारं गेलं." जमिनीचं दुःख खोटं नव्हतं, तीन पिढ्यांचं कपाशीचं वावर होतं ते. पण हे सांगताना त्यांनी बॉनेटवरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्याने तीनदा पुसली, तेव्हा माझेही डोळे भरून येता येता थांबले.

आणि रेशनकार्ड! महाराष्ट्रात १९९९ पासून कार्डाचे तीन रंग झाले. गरिबीरेषेखालच्याला पिवळं, त्यावर वर्षाला लाखापर्यंत उत्पन्न असेल तर केशरी, लाख किंवा जास्त असेल तर पांढरं. पांढरं कार्ड म्हणजे शासनाने शिक्का मारून दिलेलं समृद्धीचं प्रमाणपत्र. ते भिंतीवर फ्रेम करून लावलेलं मी अजून एकाही घरी पाहिलेलं नाही. उलट आमच्या कॉलनीत घराघरांत एसी आहेत आणि कपाटाकपाटांत केशरी कार्डं. नागपूर संत्र्याचं गाव आहे, केशरी रंगाचा अभिमान असणारच, असं मी मनाची समजूत घालून घेतो.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये, अट अडीच लाखांच्या उत्पन्नाची, आणि घरात ट्रॅक्टर सोडून दुसरी चारचाकी नको. ती आली त्या महिन्यात आमच्या भागातल्या गाड्यांच्या मालकीत जी उलथापालथ झाली ती आरटीओनेही कधी पाहिली नसेल. ज्या गाड्यांच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं, त्या एका रात्रीत दिराच्या झाल्या. दीर बंगलोरला असतो. "चालवतो आम्ही कधीमधी, बॅटरी उतरू नये म्हणून." समृद्धी हाइट्सच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी उभं राहिलं तर ओळीने बारा गाड्या दिसतात आणि मालक एकीचाही नाही.

या बाबतीत आमच्या सासूबाईंचा हात कोणी धरू शकणार नाही, पण त्यांचं शास्त्र जुनं आहे आणि त्यात लबाडी नाही. त्या हिंगणघाटच्या. वडिलांचं धान्याचं दुकान होतं. त्यांच्या तोंडून घरातली कुठलीही वस्तू 'संपली' असं मी कधी ऐकलं नाही. तांदूळ संपले की त्या म्हणतात, "तांदूळ वाढले." मीठ वाढतं, तेल वाढतं, हळद वाढते. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवाही विझत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जावईबुवा, साखर वाढली हो." मी म्हटलं, "छान झालं." आणि पेपर वाचत बसलो. चहा बिनसाखरेचा आला. तेव्हापासून त्या घरात काही वाढलं की मी पिशवी शोधतो.

धान्य मोजायचीही त्यांची रीत माहेरची. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. एक म्हटलं की एकावरच अडतं म्हणे. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. कोणी मापारी 'बरकत' म्हणतो. बाजारात धान्याच्या राशीपुढे बसून लाभ म्हणणं ठीक आहे. सासूबाई गॅसच्या सिलिंडरवाल्याला पैसे देतानाही लाभ म्हणतात, दुधाच्या पिशव्या मोजतानाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा. सकाळी लाभ, रात्री दोन.

तर मेव्हणीच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा वर्ध्याला निघाला. नागपूरहून वर्ध्याला साधा रस्ता चांगला आहे, वर्षानुवर्षं लोक त्यावरून निमूटपणे जातात-येतात. पण साडभाऊंनी नवी गाडी घेतली होती. "समृद्धीनं जाऊ. येळाकेळीला उतरलो का वर्धा समोर." पुढे साडभाऊ आणि मी, मागे दोघी बहिणी, मधे सासूबाई. त्यांच्या मांडीवर डबा, डब्यावर बटवा.

निघायला दीड तास लागला, कारण समृद्धीवर टायर नीट हवेत आणि साडभाऊंनी ते मनावर घेतलं होतं. पहिल्या पंपावर त्यांनी नायट्रोजन भरला. दुसऱ्यावर मोजला. तिसऱ्यावर जास्त झाला म्हणून काढला. सासूबाईंनी विचारलं, "पेट्रोल इतकं हळूहळू काहून भरते?" शिवमडक्याला लागेपर्यंत साखरपुड्याच्या घरून दोन फोन येऊन गेले होते.

आणि मग समृद्धी! सरळ, रुंद, गुळगुळीत. गाडी चालते आहे की नाही ते पाटी मागे गेल्यावर कळत होतं. साडभाऊ शिर्डीचा तो ऐतिहासिक प्रवास पुन्हा सांगू लागले. पहिला चहा झाला, दुसऱ्या चहाला मागे दोघी बहिणी झोपल्या. माझंही डोकं काचेला लागलं. जाग आली ती सासूबाईंच्या आवाजाने.

"बापू, येळाकेळी गेलं ना."

"नाही आई, मोबाईल सांगंल ना."

"मोबाईल काय सांगंल? मी पाटी वाचली. मोठी होती."

मोबाईल खरंच सांगणार होता. पण त्याच वेळी साडभाऊंनी पाठवलेली, स्वतःच्याच आवाजातली एक क्लिप वाजत होती, त्यात ते कोणाला तरी 'समृद्धीवर आहो' असं कळवत होते. साडभाऊंनी मागे वळून पाहिलं, आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आता?"

आता काही नाही. समृद्धीवरून मधेच उतरता येत नाही आणि परतही फिरता येत नाही. पुढचा उतार विरूळला. तिथून आडव्या रस्त्याने वर्ध्याकडे मागे यायचं. साखरपुड्याच्या घरून तिसरा फोन आला, तो मी घेतला. "हो, निघालो आम्ही केव्हाचे. वर्धा? वर्धा झालं."

विरूळच्या नाक्यावर जितके किलोमीटर तितका टोल. गाडी दांड्यासमोर उभी राहिली आणि दांडा उभा राहिला नाही. खिडकीतला मुलगा म्हणाला, "फास्टॅगमध्ये बॅलन्स नाही."

"कसा नाही? सकाळीच टाकला!"

टाकला होता. जुन्या गाडीच्या फास्टॅगवर. ती गाडी त्यांनी महिन्यापूर्वी विकली होती. ज्याने घेतली तो आता कुठल्याशा नाक्यावर आमच्या पैशाने, हात न लावता, पुढे सरकत असणार. साडभाऊंनी मोबाईलवरून पैसे द्यायला फोन काढला, तर नकाशा आणि क्लिप मिळून त्याची बॅटरी खाऊन बसले होते. मेव्हणी म्हणाली तिची पर्स आहेराच्या पिशवीत आणि पिशवी डिकीत, साड्यांच्या खाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाकिटात काय असतं ते त्या दिवाळी अंकाच्या संपादकांना विचारावं. मागे ट्रकने हॉर्न दिला, त्याच्या मागच्याने त्याला साथ दिली.

सासूबाईंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. बटव्याची दोरी सोडली. आत एक रुमाल, रुमालात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक घडी. "पैसे कुठून आणू बाई मी म्हातारी" हे वाक्य प्रत्येक सणाला ऐकत आलेल्या त्यांच्या दोन्ही मुली तोंड उघडं टाकून त्या घडीची जाडी पाहत राहिल्या. सासूबाईंनी बोटाला थुंकी लावली आणि काचेतून एकेक नोट पोराच्या हातावर ठेवू लागल्या.

"लाभ... दोन... तीन..."

"आजी, थांबा. एक कुठे गेली?"

"लाभ म्हटलं ना."

"ते समजलं. पण पहिली नोट?"

"तेच तं लाभ."

पोराने नोटा परत मोजल्या, आमच्याकडे एकदा पाहिलं, मागच्या ट्रककडे एकदा, आणि पावती फाडली. दांडा वर गेला. साडभाऊंनी गाडी पुढे घेतली, आरसा नीट केला, आणि आवाजात जावयाचा सगळा गोडवा आणून विचारलं, "आई, पुढं लागले तं... अजून पैसे आहेत ना?"

बटव्याची दोरी ओढत सासूबाई म्हणाल्या, "वाढले."